जुना बेस ॲम्प पुन्हा वाजता करताना: नागपूरच्या उन्हाळ्यातही टिकेल अशी दुरुस्ती

माळ्यावर, मंडळाच्या गोदामात किंवा बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राच्या सामानात वर्षानुवर्षं पडलेला बेस गिटारचा ॲम्प बहुतेक वेळा दुरुस्त होण्यासारखा असतो. ट्रान्सफॉर्मर, लाकूड आणि स्पीकरचं चुंबक ३०-४० वर्षं सहज टिकतं. त्याचा घात होतो तो धूळ झटकून थेट भिंतीच्या सॉकेटला लावल्यामुळे. सुकलेला कपॅसिटर किंवा शॉर्ट झालेला एक ट्रान्झिस्टर मग सोबत चार चांगले पार्ट घेऊन जातो. म्हणून या कामात क्रम महत्त्वाचा: आधी बघायचं, मग मोजायचं आणि सगळ्यात शेवटी बदलायचं.

हा लेख ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या ६० ते १५० वॅटच्या, १५ इंची स्पीकरच्या कॉम्बोबद्दल, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असलेल्या प्रकाराबद्दल आहे. भीमगीतांच्या कार्यक्रमांत आणि गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रांत वाजून वाजून थकलेले ॲम्प याच प्रकारचे असतात. व्हॉल्व्हचा ॲम्प असेल तर आत ४०० ते ७०० व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते राहू शकतात. उच्च दाबावर काम केलेला माणूस शेजारी नसेल तर तो उघडू नका.

उघडण्याआधी

मागची पट्टी वाचा. २२०, २३० किंवा २४० व्होल्ट लिहिलं असेल तर ठीक. नुसतं १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असेल तर ॲम्प अमेरिकेतल्या बाजारासाठी बनलेला आहे. अशा ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला, म्हणजे भिंतीतली वीज जाते त्या बाजूला, कधी कधी १२० व्होल्टची दोन वाइंडिंग (तारेची वेटोळी) असतात. ती पॅरललऐवजी सिरीजमध्ये जोडली की तो आपल्याकडे चालतो, आणि फ्यूज मूळ अँपिअरच्या निम्मा घालावा लागतो. एकच वाइंडिंग असेल तर व्होल्ट उतरवणारा वेगळा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला कोअर ५० हर्ट्झवर जास्त तापतो हेही ध्यानात ठेवा.

मग फ्यूज काढून बघा. त्यावर चांदीचा कागद गुंडाळलेला किंवा तांब्याची तार लावलेली दिसली, तर फ्यूज वारंवार उडत होता आणि कुणीतरी कारण न शोधता तो बंद केला होता, असं समजा. अशा ॲम्पमध्ये आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट निघण्याची शक्यता फार मोठी. पट्टीवर लिहिलेल्या अँपिअरचा, ‘टी’ अक्षर असलेला म्हणजे स्लो-ब्लो फ्यूज आणा.

तीन पिनांची वायर आणि खरं अर्थिंग हवंच. नागपूरच्या महाल किंवा इतवारी भागातल्या जुन्या वाड्यांत तिसऱ्या पिनेला पुष्कळदा काही जोडलेलंच नसतं. फेज ते अर्थ मोजा. फेज ते न्यूट्रल इतकेच व्होल्ट यायला हवेत. काही जुन्या अमेरिकी ॲम्पमध्ये मेन्सच्या तारेपासून चॅसीला (आतल्या धातूच्या सांगाड्याला) जोडलेला एक छोटा कपॅसिटर असतो. तो शॉर्ट झाला की गिटारच्या तारांमध्ये थेट मेन्सचा करंट येतो. तीन पिनांची वायर लावताना तो कापून टाका.

पहिली साफसफाई आणि डोळ्यांची तपासणी

प्लग काढा, मागचं फळकुट उघडा, चॅसी बाहेर घ्या. मोठ्या कपॅसिटरवर मल्टिमीटर लावा. व्होल्टेज दिसलं तर १०० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी कपॅसिटरच्या टोकांवर चार-पाच सेकंद धरा आणि पुन्हा मोजा. पेचकसाने ठिणगी पाडून डिस्चार्ज करू नका. त्याने कपॅसिटरच्या आतल्या जोडांना आणि सर्किट बोर्डाला इजा होते.

धूळ ब्लोअरने आणि रंगाच्या मऊ ब्रशने काढा, तोंडाला मास्क बांधून. उंदराचं मूत्र आणि पालीची घाण बोर्डावर पडली असेल तर ती तांब्याचे ट्रॅक खाते. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दातांच्या ब्रशने ती जागा धुवा आणि पूर्ण वाळू द्या. पावसाळाभर कूलरशेजारी ठेवलेल्या ॲम्पवर स्क्रू, जॅक आणि ट्रान्झिस्टरचे पाय हिरवट-पांढरे दिसतात. तेही घासून काढा.

आता भिंग घेऊन बोर्डाची सोल्डरची बाजू बघा. जॅक, पॉट (नॉबखालचा फिरता रेझिस्टर), मोठे कपॅसिटर आणि गरम होणारे रेझिस्टर यांच्या पायाभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी गोल भेग दिसते. बेसचा ॲम्प स्वतःच्याच आवाजाने थरथरत असल्यामुळे या भेगा इथे जास्त पडतात. असा प्रत्येक जोड जुनं सोल्डर शोषून घेऊन ६३/३७ (कथील/शिसं) सोल्डरने नव्याने भरा. वरून नुसता थेंब ठेवला तर सहा महिन्यांत तीच भेग परत येते. साध्या पायांना २५ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री पुरते, चॅसीवरच्या जोडांना ६० वॅटची लागते. एका जागी तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, जुन्या बोर्डाचा ट्रॅक उचलला जातो.

मोठे कपॅसिटर जागेवर घट्ट धरण्यासाठी लावलेला पिवळसर गोंद काळपट तपकिरी झाला असेल तर तो खरवडून काढा. जुना झाला की हा गोंद किंचित वीज वाहू लागतो आणि शेजारच्या पार्टचे पाय खातो. पुष्कळ जण त्याला कपॅसिटरची गळती समजतात. खरी गळती पायांजवळ ओलसर, आंबूस वासाची असते आणि कपॅसिटरचं डोकं फुगलेलं असतं.

सिरीज बल्बशिवाय वीज देऊ नका

एका बोर्डावर होल्डर आणि सॉकेट असे जोडा की ॲम्पला जाणारी फेज बल्बमधून जाईल; आत शॉर्ट असला तर करंट बल्बच अडवेल. बल्ब तारेचाच हवा, १०० वॅटचा. एलईडी इथे निरुपयोगी, कारण आपल्याला तापल्यावर अवरोध वाढवणारी तार हवी आहे. इलेक्ट्रिकच्या दुकानात तारेचे बल्ब आता कमी दिसतात. मिळतील तेव्हा दोन-तीन घेऊन ठेवा.

स्पीकर सोडवा, सगळे नॉब शून्यावर ठेवा आणि चालू करा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर कपॅसिटर भरले आणि मोठा शॉर्ट नाही. तसाच प्रखर राहिला तर लगेच बंद करा आणि एकेक भाग वेगळा करत जा. आधी ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी, म्हणजे ॲम्पला वीज देणारी बाजू, सोडवा. तरीही बल्ब पेटलेलाच राहिला तर ट्रान्सफॉर्मर गेला. विझला तर सेकंडरी जोडून रेक्टिफायरच्या (एसीचा डीसी करणाऱ्या डायोडांच्या) पुढचं सगळं सोडवा, आणि असंच पुढे.

बल्ब अजिबात पेटत नाही आणि ॲम्पही मेलेला, असं असेल तर प्रायमरी मोजा. ती ओपन, म्हणजे तुटलेली दिसली म्हणून लगेच रिवाइंडिंगला नेऊ नका. बऱ्याच ट्रान्सफॉर्मरमध्ये वरच्या कागदाखाली थर्मल फ्यूज दडवलेला असतो आणि उडालेला तोच असतो. त्यावर छापलेल्या तापमानाचा आणि अँपिअरचाच नवा लावा, वायर टाकून बायपास करू नका. रिवाइंड करायची वेळ आलीच तर कारागिराला सेकंडरीचे व्होल्ट, करंट आणि वायरचा गेज लिहून द्या, आणि व्हार्निशमध्ये बुडवून भट्टीत सुकवण्याचा आग्रह धरा. व्हार्निश कच्चं राहिलं की ट्रान्सफॉर्मर भुणभुणतो, आणि ती भुणभुण बेसच्या मंद सुरांमध्ये ऐकू येते.

पॉवर सप्लाय

समजा सेकंडरी ३०-०-३० व्होल्ट एसी आहे, म्हणजे मधल्या टोकापासून दोन्हीकडे ३०. रेक्टिफायरनंतर ३० गुणिले १.४१४, वजा डायोडचा एक व्होल्ट, म्हणजे दोन्ही बाजूंना सुमारे ४१ व्होल्ट डीसी मिळतात. रात्री उशिरा लाइन २५० वर गेली की तेच ४५ होतात. ५० व्होल्टचा कपॅसिटर इथे काठावर चालतो, म्हणून ६३ व्होल्टचाच घ्या. मूळ ४७०० मायक्रोफॅरड असेल तर ४७०० किंवा ६८०० चालेल. त्याहून फार वाढवू नका, कारण चालू करतानाचा धक्का रेक्टिफायरला आणि स्विचला बसतो.

कपॅसिटर १०५ अंशांचा घ्या, आणि नागपुरात तर नक्कीच. इलेक्ट्रोलाइटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की ढोबळमानाने निम्मं होतं. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद पेटीच्या आत ६५ सहज होतात. ८५ अंशांना २००० तासांचा कपॅसिटर तिथे साधारण ८००० तास चालेल. १०५ अंशांना २००० तासांचा तिथेच साधारण ३२००० तास. दोघांच्या किमतीतला फरक फार नसतो.

२५ वर्षांहून जुने मुख्य फिल्टर कपॅसिटर मीटरवर चांगले दिसले तरी बदलावेत, असं आमचं मत आहे. पण बोर्डावरचे सगळेच कपॅसिटर सरसकट बदलण्याच्या आम्ही विरोधात आहोत. छोटे फिल्म कपॅसिटर क्वचितच खराब होतात आणि प्रत्येक अनावश्यक सोल्डरिंगने जुना बोर्ड कमजोर होतो. नवा बसवताना पट्ट्याची निगेटिव्ह बाजू दोनदा तपासा. उलटा लागलेला ४७०० चा कपॅसिटर फुटतो, आणि आपला चेहरा तेव्हा नेमका त्याच्यावर असतो.

ब्रिज रेक्टिफायर डायोड रेंजवर तपासा: चारही डायोड एका दिशेने ०.५ च्या आसपास, उलट दिशेने ओपन. २५ अँपिअर, १००० व्होल्टचा चौकोनी धातूचा ब्रिज चॅसीला पेस्ट लावून बसवला की तो विषय संपला.

प्रीॲम्पचे, म्हणजे गिटारचा सिग्नल आधी घेणाऱ्या भागाचे, अधिक-उणे १५ व्होल्ट बहुधा याच ४१ मधून रेझिस्टर आणि झेनरने (व्होल्ट स्थिर धरणाऱ्या डायोडने) काढलेले असतात. ४७० ओहमच्या रेझिस्टरवर २६ व्होल्ट पडतात, म्हणजे ५५ मिलिअँपिअर आणि जवळपास दीड वॅट उष्णता. त्याखालचा बोर्ड म्हणूनच तपकिरी झालेला असतो. ५ वॅटचा नवा रेझिस्टर बोर्डापासून किमान ५ मिलिमीटर वर उचलून लावा आणि झेनरही सोबतच बदला.

आउटपुट ट्रान्झिस्टर

इथे सगळ्यात जास्त पैसे जळतात. शॉर्ट झालेला एक ट्रान्झिस्टर सापडला, तेवढाच बदलला, चालू केला आणि नवाही गेला, ही तक्रार प्रत्येक दुरुस्तीच्या टेबलावर येते. त्याचं कारण साखळीत आहे. आउटपुट ट्रान्झिस्टर कलेक्टर-एमिटर या दोन पायांमध्ये शॉर्ट होतो, तेव्हा एमिटरचा ०.३३ ओहमचा रेझिस्टर ओपन होऊ शकतो, त्याला चालवणारा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर जातो, त्याच्या ‘बेस’ नावाच्या पायाचा छोटा रेझिस्टर जळतो आणि कधी बायसचा, म्हणजे आवाज नसतानाचा करंट ठरवणारा ट्रान्झिस्टरही बिघडतो. म्हणून एक शॉर्ट सापडला की त्या बाजूचे सगळे पार्ट एक पाय सोडवून मोजा आणि दुसऱ्या बाजूचेही तपासा. ०.३३ ओहम साध्या मीटरवर नीट दिसत नाही. मीटरच्या लीड एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करा.

बदली ट्रान्झिस्टर निवडताना नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या दुकानात धातूचा मोठा ट्रान्झिस्टर मागितला की हमखास २एन३०५५ पुढे येतो. त्याची कलेक्टर-एमिटर मर्यादा ६० व्होल्ट आहे. अधिक-उणे ४१ च्या ॲम्पमध्ये बंद असलेल्या ट्रान्झिस्टरवर ८० व्होल्टच्या आसपास येतात, त्यामुळे तिथे तो टिकत नाही. एमजे१५००३ (एनपीएन) आणि त्याचा उलट ध्रुवाचा पीएनपी जोडीदार एमजे१५००४ हे १४० व्होल्टचे, २० अँपिअरचे आहेत आणि अशा ॲम्पला पुरून उरतात. मात्र जुन्या काही सर्किटांत दोन्ही बाजूंना एनपीएनच असतात. त्यामुळे जुन्या पार्टचा नंबर आणि सर्किट बघितल्याशिवाय ‘जोडी’ विकत घेऊ नका. नकली माल या पार्टमध्ये सर्रास आहे. इतर ठिकाणच्या निम्म्या किमतीत मिळत असेल तर घेऊ नका. बिल देणाऱ्या वितरकाकडूनच घ्या.

बसवण्याची पद्धत अशी. हीटसिंक आणि चॅसीवरची जुनी वाळलेली पेस्ट अल्कोहोलने पूर्ण काढा. धातूच्या ट्रान्झिस्टरचं अंग म्हणजेच कलेक्टर, म्हणून खाली अभ्रकाचा पातळ पत्रा लागतो. जुना पत्रा चिरलेला असेल तर टाकून द्या. पत्र्याच्या दोन्ही बाजूंना इतकी पातळ पेस्ट लावा की खालचं अर्धवट दिसेल. जाड थर उष्णता अडवतो. स्क्रूला प्लास्टिकचा बुश घाला आणि दोन्ही स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळा. आता वायर जोडण्याआधी मीटर सर्वांत मोठ्या ओहम रेंजवर ठेवून ट्रान्झिस्टरचं अंग ते हीटसिंक मोजा. ओपन आलं पाहिजे. आकडा दिसला तर भोकाच्या काठावरचा धातूचा कण अभ्रकात घुसलेला आहे. काढून, घासून पुन्हा बसवा.

सिरीज बल्बवर चालू करा. दोन्ही रेल, म्हणजे अधिक आणि उणे सप्लायचे व्होल्ट, जवळपास सारख्या हव्यात. स्पीकरच्या टोकांवर डीसी मोजा: ५० मिलिव्होल्टपर्यंत निश्चिंत राहा, १०० च्या वर गेलं तर कारण शोधा. इनपुटच्या जोडट्रान्झिस्टरांपैकी एक बिघडलेला किंवा फीडबॅकचा ४७ वा १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सुकलेला अथवा लीक झालेला, हे नेहमीचे दोषी. काही व्होल्ट दिसत असतील तर स्पीकर जोडू नका, व्हॉइस कॉइल जळेल. एकच रेल असलेल्या जुन्या ॲम्पमध्ये आउटपुटला मोठा कपॅसिटर असतो. तिथे त्याच्या अलीकडे रेलच्या निम्मे व्होल्ट यायला हवेत.

हे जमलं की बल्ब काढा, मूळ फ्यूज लावा आणि बायस बघा. बल्ब असताना रेल खाली असतात, म्हणून तेव्हाचा आकडा धरू नका. बायसचा प्रीसेट (बोर्डावरचा पेचकसाने फिरवायचा छोटा पॉट) सगळ्यात कमी करंटकडे फिरवून सुरुवात करा. सर्किटवर आकडा दिला असेल तर तोच ठेवा. नसेल तर ०.३३ ओहमच्या रेझिस्टरवर ७ ते १० मिलिव्होल्ट, म्हणजे २० ते ३० मिलिअँपिअर. २० मिनिटं तापू द्या आणि पुन्हा मोजा. आकडा चढतच राहिला तर बायसचा ट्रान्झिस्टर हीटसिंकला टेकलेला नाही. जुना प्रीसेट गंजलेला असेल तर न फिरवता बदला, कारण त्याचा सरकता संपर्क तुटला की पुष्कळ सर्किटांत करंट कमाल होतो.

प्रीॲम्प, जॅक आणि पॉट

आवाज मध्येच जातो आणि थाप मारली की येतो? मागे ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ असे जॅक असतील तर एक छोटी केबल दोघांमध्ये लावा. आवाज स्थिर झाला तर दोष रिटर्न जॅकच्या आतल्या पत्तीचा आहे, जी केबल नसताना दोघांना जोडते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग वीस-तीस वेळा आत-बाहेर करा. पत्ती सैल असेल तर जॅकच बदला.

याच जॅकने दोष कोणत्या भागात आहे तेही कळतं. मोबाइलवरून कमी आवाजात रिटर्नला गाणं द्या. स्वच्छ वाजलं तर पॉवर ॲम्प ठीक, शोध प्रीॲम्पमध्ये.

खरखरणाऱ्या पॉटमध्ये क्लीनर फवारून पॉट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. रॉकेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे नको; त्याचा तेलकट थर नागपूरची धूळ धरून ठेवतो. साफ करूनही खरखर राहिली तर पॉटवर डीसी आहे का ते मोजा. आधीचा कपलिंग कपॅसिटर लीक होत असेल तर पॉट नवा घातला तरी खरखरेल. बदलताना ‘ए’ म्हणजे लॉग आणि ‘बी’ म्हणजे लिनियर हे बघून घ्या. ऑप-ॲम्प, म्हणजे प्रीॲम्पमधली सिग्नल वाढवणारी आठ पायांची चिप, बहुधा ४५५८ किंवा टीएल०७२ असतो. दोघांचे पाय सारखे असतात. सॉकेट लावून बदला.

घरघर ऐकू आली तर व्हॉल्यूम शून्यावर न्या. तरीही तशीच राहिली आणि तिचा सूर १०० हर्ट्झचा, करकरीत असेल तर फिल्टर कपॅसिटर किंवा ब्रिज. व्हॉल्यूमबरोबर वाढते आणि ५० हर्ट्झची मऊ घुमघुम असेल तर इनपुट जॅकचं ग्राउंड, केबलचं शिल्ड किंवा गिटार. अर्थ पिन काढून ती घालवण्याचा उपाय जिवावर बेततो.

स्पीकर आणि पेटी

८ ओहमचा स्पीकर मीटरवर साडेपाच ते सात ओहम दाखवतो. ओपन असेल तर आधी कोनवरून टर्मिनलकडे येणारी विणलेली तार बघा, ती तुटलेली निघाली तर नुसत्या जोडणीने काम होतं. दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सगळीकडून सारखा हलकेच आत दाबा. घासल्याचा आवाज आला तर कॉइल वाकली आहे, रीकोनिंग (नवा कोन आणि कॉइल बसवणं) लागेल. कडा फोमची असेल तर आपल्या उष्णतेत ती बोट लावताच भुगा होते. मापाची नवी कडा चिकटवता येते. दुमडलेल्या कापडी कडांना सहसा काही करावं लागत नाही.

पेटीचं प्लायवूड सुटलं असेल तर थरांत फेविकॉल भरून रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवा. भुशाचा बोर्ड पाण्याने फुगला असेल तर तो दुरुस्त होत नाही. तेवढं फळकुट १८ मिलिमीटर प्लायने बदला. मग मोबाइलवरच्या टोन जनरेटरने ४१ हर्ट्झ द्या, म्हणजे चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची खुली तार, आणि हळूहळू १५० पर्यंत वर न्या. हँडल, जाळी, सैल स्क्रू, हवा गळणारी फट, जे जे कुठल्या सुरावर खडखडेल ते तिथेच सापडतं. फटीला फोमची पट्टी लावा.

उन्हाळ्याची परीक्षा

८ ओहम, १०० वॅटचा ॲल्युमिनियम अंगाचा रेझिस्टर हीटसिंकवर बसवून स्पीकरच्या जागी लावा आणि ॲम्प निम्म्या ताकदीवर तासभर चालवा. ही चाचणी डिसेंबरच्या सकाळी करून उपयोग नाही. दुपारी, कूलर बंद करून करा. हीटसिंकला पाच सेकंद हात लावून ठेवता आला पाहिजे. नाही ठेवता आला तर १२ व्होल्टचा ८० मिलिमीटरचा पंखा गरम हवा बाहेर फेकेल असा लावा आणि ९ व्होल्टवर चालवा, म्हणजे त्याचा आवाज येणार नाही. कार्यक्रमात ॲम्प कूलरच्या झोतासमोर ठेवू नका. ओलावा सरळ बोर्डावर जातो. मागे मात्र एक फूट मोकळी जागा सोडा.

चॅसीच्या आत एक कागद चिकटवा: बदललेल्या पार्टचे नंबर, बायसचे मिलिव्होल्ट, फ्यूजचे अँपिअर, तारीख. आणि मंडपात जनरेटरवर लावण्याआधी सॉकेटवर मीटर धरा. न्यूट्रल सैल असेल तर २३० च्या जागी ३०० व्होल्टही येतात. २५० च्या वर दिसलं तर जनरेटरवाल्याला आधी ते नीट करायला लावा, तोवर प्लग हातातच ठेवा.